उपनगरी मताचे मोल

विधानसभेचा मतदारसंघ ही आपल्याकडे निवडणुकीच्या हंगामातच आठवणारी गोष्ट आहे. उमेदवार कोण, बंडखोरी कितपत, वारे कोणत्या दिशेचे, याची चर्चा चवीने होते. परंतु ज्या रेषेच्या आत ही सारी लढत व्हायची ती रेषा कोणत्या हिशेबाने आखली गेली आणि किती वर्षांपूर्वी, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो विचारण्याची वेळ आता आली आहे. कोरोनाच्या साथीमुळे २०२१ ची जनगणना झाली नाही. तिच्या जागी होणाऱ्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन सरकारने जून २०२५ मध्ये जाहीर केला. या जनगणनेच्या आकड्यांशी मतदारसंघांच्या नव्या आखणीचा प्रश्न जोडलेला आहे, आणि त्या आखणीशी ठाणे, कल्याण, वसईपासून पनवेलपर्यंत पसरलेल्या उपनगरी महाराष्ट्राचे हिताहित बांधलेले आहे. हे हिताहित नेमके काय, हे समजून घ्यायचे तर कल्याण मतदारसंघाचा आणि त्यातून पुढे निघालेल्या डोंबिवली मतदारसंघाचा इतिहास पाहणे उपयोगी ठरेल.

घटनेचे वचन

आपल्या घटनेच्या १७० व्या अनुच्छेदात एक साधे पण मोलाचे वचन दिलेले आहे. राज्यातील प्रत्येक मतदारसंघाची लोकसंख्या आणि त्याला दिलेल्या जागा यांचे प्रमाण, शक्य असेल तेथवर, सर्व राज्यात सारखे असावे. आणि प्रत्येक जनगणनेनंतर या आखणीचा फेरविचार व्हावा. प्रौढ मतदानाने प्रत्येकाला एक मत दिले, आणि या अनुच्छेदाने त्या मताचे वजनही सारखे राहील अशी हमी दिली. पहिल्या हक्काचा आपण नेहमी गौरव करतो. दुसरा हक्क फारसा कोणाच्या स्मरणात नसतो.

आरंभीच्या काळात हे वचन बऱ्यापैकी पाळले गेले. महाराष्ट्राच्या विधानसभेत १९६२ साली २६४ जागा होत्या, १९६७ साली त्या २७० झाल्या आणि १९७८ साली २८८. यांपैकी १९७८ ची निवडणूक १९७१ च्या जनगणनेवर आधारलेल्या मतदारसंघांतून झाली. त्या आखणीचा हिशेब पाहिला तर तो किती काटेकोर होता हे दिसते. १९७१ साली राज्याची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख होती. म्हणजे एका आमदारामागे सरासरी पावणेदोन लाख माणसे. बेटावरच्या मुंबईत १७ जागा होत्या आणि दर जागेमागे १ लाख ८१ हजार लोकसंख्या. मुंबईच्या उपनगरांतही १७ जागा होत्या आणि दर जागेमागे १ लाख ७१ हजार. ठाणे जिल्ह्यात १३ जागा होत्या आणि तेथेही सरासरी पावणेदोन लाखांचीच होती. गिरगावचा कारकून, कल्याणचा शिक्षक आणि शहापूरचा शेतकरी यांच्या मतांचे वजन त्या वेळी जवळजवळ सारखे होते.

परंतु १९७६ साली ४२ वी घटनादुरुस्ती झाली आणि तिने २००० सालापर्यंत जागांची वाटणी गोठवून टाकली. यामागचा हेतू सरळ होता. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतले त्यांची लोकसभेतील संख्या घटू नये, हा तो हेतू. तो रास्तही होता. मात्र राज्याराज्यांमधील वाटणी गोठवताना प्रत्येक राज्याच्या आतील मतदारसंघांच्या सीमाही गोठवल्या गेल्या. महाराष्ट्राच्या २८८ जागा कायम ठेवून त्यांच्या आतील सीमा दर दहा वर्षांनी नव्याने आखल्या असत्या तर केरळाचे वा तामिळनाडूचे काहीच बिघडणार नव्हते. दोन वेगळे प्रश्न एकाच कुलपात बंद झाले आणि त्याची किंमत पुढे उपनगरांनी मोजली.

दोन गोठवणुका

या काळात उपनगरांत काय घडत होते? मुंबईतील मध्यमवर्गाच्या स्थलांतराचा इतिहास अनेकांनी जिव्हाळ्याने लिहिला आहे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्यामागे आणखी एक गोठवणूक होती. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली. राहत्या भाडेकरूला त्याचा आधार मिळाला हे खरे. पण भाड्याने देण्यासाठी नवी चाळ बांधणे कोणालाच परवडेनासे झाले. चाळीतल्या खोलीत वाढलेल्या चार भावांपैकी एकाला ती खोली मिळाली. उरलेल्या तिघांना लग्न झाल्यावर नवे बिऱ्हाड शोधावे लागले. मुंबईत पागडीची रक्कम आवाक्याबाहेर होती. मग बँकेचे किंवा सोसायटीचे कर्ज काढून दोन खोल्यांचा ब्लॉक घ्यायचा तर मध्य रेल्वेवर डोंबिवली आणि कल्याण, पश्चिमेला बोरिवली आणि त्याही पुढे वसई-विरार, असा मार्ग उरला. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातील कुटुंबांचीही त्यात भर पडली.

जनगणनेचे आकडे ही कथा कोरडेपणाने पण स्पष्ट सांगतात. बेटावरच्या मुंबईची लोकसंख्या १९७१ साली ३० लाख ७० हजार होती. तीस वर्षांनंतर, २००१ साली, ती ३३ लाख ३८ हजार झाली. १९८१ ते १९९१ या दशकात तर ती घटलीच. त्याच तीस वर्षांत मुंबईची उपनगरे २९ लाखांवरून ८६ लाखांवर गेली, आणि ठाणे जिल्हा पावणेतेवीस लाखांवरून ८१ लाखांवर. गोठवलेल्या भाड्यांनी माणूस बेटाबाहेर लोटला आणि गोठवलेल्या सीमांनी त्याच्या मताचे वजन मागेच ठेवून घेतले. दोन्ही कायद्यांचा हेतू वाईट नव्हता. पण ज्याच्याजवळ आधीपासून जागा आहे त्याचे रक्षण करायचे आणि जो नव्याने येतो त्याच्याकडून त्याची भरपाई करून घ्यायची, हा दोन्हींचा परिणाम सारखाच झाला.

भागाकार काय सांगतो

वर्गात विद्यार्थ्यांना सरासरीचा धडा शिकवताना मी हा भागाकार फळ्यावर मांडतो. २००१ साली राज्यात एका आमदारामागे सरासरी ३ लाख ३६ हजार लोकसंख्या होती. बेटावरच्या मुंबईत ती होती १ लाख ९६ हजार; मुंबईच्या उपनगरांत ५ लाख ८ हजार; आणि ठाणे जिल्ह्यात ६ लाख २६ हजार. ठाणे जिल्ह्याच्या सरासरीत जव्हार, डहाणूसारखे आदिवासी भागही धरलेले आहेत. तेव्हा कल्याण, ठाणे, बेलापूर या नागरी मतदारसंघांवरील भार याहूनही जड असला पाहिजे. येथे सरासरीचा फसवेपणाही ध्यानात येतो. सबंध मुंबई एकत्र धरली तर ३४ जागा आणि १ कोटी २० लाख लोकसंख्या; म्हणजे दर जागेमागे साडेतीन लाख. राज्याच्या सरासरीच्या अगदी जवळ. अन्याय मुंबईवर होता असे या आकड्यावरून कोणी म्हणणार नाही. तो मुंबईच्या आत, माहीम आणि शीवच्या पलीकडे राहणाऱ्यांवर होत होता.

याचा अर्थ असा की गिरगावातली खोली सोडून डोंबिवलीला गेलेल्या माणसाचे मत, नावनोंदणी नव्या यादीत होताक्षणी, एक तृतीयांशाहूनही हलके झाले. नोकरी तीच राहिली, लोकलगाडीने रोज फोर्टात येणे चालूच राहिले आणि करही तोच. घटला तो फक्त विधानसभेतील त्याचा वाटा. कोकणातून आलेल्या चाकरमान्याची गोष्टही निराळी नाही. रत्नागिरी जिल्ह्यात तेव्हा सात जागा होत्या आणि दर जागेमागे सुमारे २ लाख ४२ हजार लोकसंख्या. खेड वा चिपळूणचा तरुण पोटासाठी कल्याणला आला की त्याचे मत अडीच पटींहून अधिक पातळ होत असे.

हा हिशेब केवळ तात्त्विक नाही. आमदाराला मिळणारा स्थानिक विकासनिधी दर आमदारामागे सारखा असतो. त्याच्या मतदारसंघात दोन लाख माणसे आहेत की सहा लाख, हे तो निधी पाहत नाही. समजा, हा निधी एक कोटी रुपये धरला, तर २००१ च्या लोकसंख्येनुसार बेटावरच्या मुंबईत माणशी ५१ रुपये येतात, रत्नागिरीत ४१, आणि ठाणे जिल्ह्यात १६. प्रश्नोत्तराच्या तासाचेही तेच. सभागृहात प्रत्येक सदस्याला एकच तोंड आणि एकच घड्याळ. सहा लाख लोकांचे पाणी, गटारे, शाळा, स्मशान आणि रुग्णालय यांविषयीचे गाऱ्हाणे ज्याला मांडायचे आहे, त्याने ते दोन लाखांचे गाऱ्हाणे मांडणाऱ्याइतक्याच वेळात मांडावयाचे.

आणि जेथे शहर नव्याने वसते तेथेच गाऱ्हाणी अधिक असतात. जुन्या शहराला रस्ते, जलवाहिन्या, इस्पितळे पूर्वजांनी बांधून दिलेली असतात. कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८३ रोजी अस्तित्वात आली. तोवर वस्ती पुढे गेलेली होती आणि सोयी मागे राहिल्या होत्या. आसपासची २७ गावे महापालिकेत आली, २००२ साली बाहेर काढली गेली, २०१५ साली पुन्हा आत आली. या येरझाऱ्यांत बांधकामे थांबली नाहीत. नियोजन मात्र थांबत राहिले. अशा ठिकाणी राज्य सरकारच्या दाराशी जोराने बोलणारे अधिक लोक हवेत. प्रत्यक्षात ते कमी होते.

एकाचे चार

व्यक्तींच्या कर्तृत्वाचा प्रश्न येथे नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. मराठीचे प्राध्यापक राम कापसे यांनी विधानसभेत कल्याणचे प्रतिनिधित्व केले, आणि १९८९ व १९९१ मध्ये ते ठाण्याहून लोकसभेवर गेले. त्यांच्या आधी १९७७ आणि १९८० मध्ये ठाण्याहून निवडून आलेले रामभाऊ म्हाळगी हे आपल्या कामाचा वार्षिक अहवाल मतदारांपुढे ठेवणारे प्रतिनिधी म्हणून ओळखले गेले. पक्ष कोणताही असो, असा हिशेब देणारा प्रतिनिधी हे लोकशाहीचे भूषणच. परंतु ज्या मतदारसंघात माणसे मोजता येऊ नयेत इतकी वाढतात, तेथे सर्वात कष्टाळू प्रतिनिधीही प्रत्येक वस्तीपर्यंत पोहोचू शकत नाही. प्रामाणिकपणा हा संख्येला पर्याय होत नाही.

गोठवणुकीची मुदत संपत आली तेव्हा ८४ व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत तशीच ठेवली; मात्र या वेळी राज्यांतर्गत सीमा नव्याने आखण्यास मुभा दिली. २००३ च्या ८७ व्या दुरुस्तीने त्यासाठी २००१ ची जनगणना आधार म्हणून ठरवली. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाची आखणी फेब्रुवारी २००८ मध्ये अमलात आली. महाराष्ट्राच्या जागा २८८ च राहिल्या, पण त्यांची जागा बदलली. बेटावरच्या मुंबईच्या १७ जागांच्या १० झाल्या, उपनगरांच्या १७ च्या २६. रत्नागिरीच्या सातांच्या पाच. आणि ठाणे जिल्ह्याच्या १३ च्या २४. चारही ठिकाणी दर जागेमागे लोकसंख्या ३ लाख ३२ हजार ते ३ लाख ३९ हजार अशी जुळून आली. घटनेचे वचन तीस वर्षांच्या खंडानंतर पुन्हा पाळले गेले.

२००९ च्या निवडणुकीत जुन्या कल्याणच्या परिसरात, शेजारचे काही भाग जोडून, चार मतदारसंघ उभे राहिले: कल्याण पश्चिम, कल्याण पूर्व, डोंबिवली आणि कल्याण ग्रामीण. डोंबिवली हे नाव विधानसभेच्या नकाशावर प्रथमच आले. त्या निवडणुकीचा निकाल बोलका होता. कल्याण पश्चिम आणि कल्याण ग्रामीण महाराष्ट्र नवनिर्माण सेनेकडे गेले, कल्याण पूर्वेने अपक्ष उमेदवार निवडला आणि डोंबिवलीने भारतीय जनता पक्षाचा. कोण जिंकले याला येथे महत्त्व नाही. एका नावाखाली जी माणसे एकच समजली जात होती, त्यांची मते आणि गरजा किती भिन्न होत्या, हे त्या दिवशी प्रथम दिसले. प्रतिनिधित्व पातळ झाले म्हणजे केवळ आवाज लहान होतो असे नव्हे. अनेक आवाजांचा एकच आवाज होतो.

डोंबिवलीचे गिरगाव

येथे कथा संपली असती तर बरे झाले असते. परंतु २००८ ची रेषा आखली गेली तेव्हाच तिच्या आधाराचे आकडे सात वर्षांचे जुने झाले होते. २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली, ठाणे जिल्ह्याची ३६ टक्क्यांनी. बेटावरच्या मुंबईची घटली. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे जिल्ह्यात दर जागेमागे ४ लाख ६१ हजार माणसे होती, बेटावर ३ लाख ९ हजार. नव्या रेषांची पहिली निवडणूक होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती आणि एका मताचे दुसऱ्याशी प्रमाण पुन्हा दीडपट बिघडले होते. २०११ च्या आकड्यांवरून फेरआखणी झाली नाही. १९७८ पासून २०२४ पर्यंत महाराष्ट्र विधानसभेच्या ११ निवडणुका झाल्या. त्यांतील पहिल्या सात १९७१ च्या आणि पुढच्या चार २००१ च्या लोकसंख्येवर. अकरा निवडणुका, दोन नकाशे.

या नव्या विषमतेत एक बदल मात्र ध्यानात घेण्याजोगा आहे. जुनी डोंबिवली आता दाटीने भरून गेली आहे. तेथे नव्या इमारतीला जागा मिळते ती जुनी पाडूनच. वाढ सरकली आहे ती २७ गावांकडे, शिळफाट्याकडे, दिव्याकडे आणि पलावासारख्या वसाहतींकडे. हा पट्टा ज्या मतदारसंघात येतो त्याचे नाव कल्याण ग्रामीण. नावात ग्रामीण हा शब्द उरला आहे. डोळ्यांपुढे वीस-पंचवीस मजल्यांचे मनोरे उभे आहेत. डोंबिवलीत वाढलेली मुलगी लग्नानंतर पलावात राहायला जाते, तेव्हा तिच्या बाबतीत तेच घडते जे चाळीस वर्षांपूर्वी तिच्या आजोबांच्या बाबतीत गिरगाव सोडताना घडले होते. डोंबिवलीचे हळूहळू गिरगाव होत आहे. म्हणून हा प्रश्न एखाद्या गावाच्या अभिमानाचा मानता येणार नाही. ज्याला घर शोधत पुढच्या स्टेशनावर जावे लागते, अशा प्रत्येक पिढीच्या हक्काचा तो प्रश्न आहे.

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

यावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की केवळ डोकी मोजून जागा वाटल्या तर विदर्भ, मराठवाडा, कोकण यांसारख्या भागांचा आवाज क्षीण होईल. २००८ च्या आखणीत विदर्भाच्या जागा ६६ वरून ६२ झाल्या. विकासाअभावी माणसे गाव सोडतात आणि माणसे गेली म्हणून जागाही जातात, ही दुहेरी शिक्षा नव्हे काय? आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळून चालणार नाही. परंतु प्रादेशिक अनुशेषावर उपाय कोठे शोधायचा हे दांडेकर समितीने १९८४ सालीच दाखवले होते: तो निधीच्या वाटपात आणि नियोजनात शोधायचा. मागास तालुक्याला माणशी अधिक पैसा द्यावा, हे न्याय्य आहे. त्यासाठी तेथून नाइलाजाने बाहेर पडलेल्या मुलाचे मत हलके ठेवावे, हे न्याय्य नाही. तोही त्याच तालुक्याचा मुलगा आहे.

दुसरा आक्षेप दक्षिणेकडील राज्यांच्या भीतीचा. लोकसंख्येनुसार लोकसभेच्या जागा वाटल्या तर त्यांचा वाटा घटेल, ही भीती निराधार नाही आणि तिचा विचार देशाने समजुतीने केला पाहिजे. पण, वर म्हटल्याप्रमाणे, तो राज्याराज्यांमधला प्रश्न आहे. २००८ ने हेच सिद्ध केले की राज्यांची संख्या न बदलता राज्यांतर्गत सीमा सुधारता येतात. राज्याराज्यांमधला वाद सुटेपर्यंत कल्याण ग्रामीणच्या मतदाराने थांबून राहावे, याला काही कारण नाही.

तिसरा आक्षेप उपनगरांनाच ऐकवला जातो, आणि तो ऐकून घेतला पाहिजे. २००९ पासून कल्याण हा लोकसभेचाही स्वतंत्र मतदारसंघ आहे. तेथे २०१४ आणि २०१९ या दोन्ही निवडणुकांत निम्म्या मतदारांनीही मतदान केले नाही. जे मत द्यायलाच कोणी जात नाही त्याच्या वजनाची तक्रार कशाला, असे विचारले तर उत्तर काय? याद्यांतील दुबार व गेलेल्या नावांचा दोष त्यात आहे. पहाटे घर सोडून रात्री परतणाऱ्याला राहत्या गावाविषयी वाटणारा परकेपणाही आहे. परंतु उदासीनता ही तोंडी लावायची सबब आहे, हे मान्य केलेच पाहिजे. सुटीचा दिवस म्हणून मतदानाच्या दिवशी गावाला निघून जाणाऱ्याने समान वजनाच्या हक्काची भाषा बोलावी, हे शोभत नाही. इतके मात्र खरे की हक्क वापरला जात नाही म्हणून तो तोडून घेण्याचा अधिकार कोणाला प्राप्त होत नाही.

मागणी एवढीच

तेव्हा मागणी फार मोठी नाही. राज्यांमधील जागावाटपाचा निर्णय काहीही होवो, प्रत्येक राज्याच्या आतील मतदारसंघ दर जनगणनेनंतर नव्याने आखले जावेत, आणि ही आखणी जनगणनेचे आकडे शिळे होण्यापूर्वी पूर्ण व्हावी. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने विधानसभांमधील स्त्रियांच्या एक तृतीयांश राखीव जागाही जनगणना आणि फेरआखणी यांच्याशी जोडल्या. म्हणजे रेषा लांबणीवर पडली की आणखी एक हक्क लांबणीवर पडतो, हे उघड आहे. फेरआखणीच्या वेळी आयोग सुनावण्या घेतो, हरकती मागवतो. अशा सुनावणीला पक्षांचे कार्यकर्ते हजर असतात. शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी नसतात. रेषा कोठून जावी याचे भान ज्याला आपापल्या वस्तीमुळे असते, त्याने नकाशा हाती घेऊन तेथे जाणे हे मतदानाइतकेच आवश्यक काम आहे.

जनगणनेचा प्रगणक जेव्हा दारी येईल तेव्हा त्याला नीट माहिती द्यावी. तो माणसाला त्याच्या राहत्या घरी मोजतो. त्याची कचेरी कोठे आहे यावर ती मोजणी ठरत नाही. दिवसभर फोर्टात आणि अंधेरीत राबणारा उपनगरी माणूस सरकारच्या हिशेबात आपल्या गावचा म्हणून नोंदला जातो तो त्या क्षणी. घरातील पाच माणसांपैकी चारच सांगितली तर विधानसभेत त्या वस्तीचा वाटा तेवढाच कमी होतो, आणि ती चूक दुरुस्त व्हायला पुढे किती निवडणुका जातील हे कल्याणच्या इतिहासाने दाखवून दिले आहे.